शार्दूल जगणार, गळ्याची शपथ

निरवांगीच्या दूध डेअरीवर त्या आठवड्यात फॅटपेक्षा मरणाची चर्चा जास्त होती. कोण मरणार, कुणाच्या हातून मरणार, आधी कोण आणि मागाहून कोण. बाहेरगावच्या माणसानं ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, गावात भाऊबंदकी पेटलीय आणि कोयते घासून तयार आहेत. तसं काही नव्हतं. 'धूम्रगड' नावाची मालिका तीन वर्षं लोकांच्या मोबाइलवर चालली होती आणि येत्या रविवारी दुपारी बारा वाजता तिचा शेवटचा भाग येणार होता.

एका बाजूला राणी मेघावती, दुसऱ्या बाजूला तिचा कपटी दीर आणि मधे डोंगराच्या पोटातून बाहेर पडलेला आगनाग, असा एकूण मामला. डेअरीच्या भिंतीवर कुणीतरी खडूनं सगळ्यांची नावं लिहून ठेवली होती. ज्याला जो मरेल असं वाटे, त्याच्या नावापुढं तो एक रेघ मारे. आबाजींचं वय त्र्याहत्तर, पण तेही रोज सकाळी दूध घातलं की आगनागापुढं रेघ मारून जात.

"एवढं मोठं जनावर," ते म्हणत, "त्याला वैरण कोण घालतंय? उपासमारीनंच मरंल."

सगळ्यात जास्त रेघा मात्र शार्दूलच्या नावापुढं होत्या. शार्दूल म्हणजे राणीचा राखणदार. लांडग्याचं कातडं पांघरायचा, कमी बोलायचा, आणि कुणी राणीकडं वाकडा डोळा केला की पुढं व्हायचा. आणि शार्दूलचं काम करणारा रणजित हा ह्याच गावचा, रावजी आणि रतन यांचा एकुलता एक मुलगा. त्यामुळं गाव शार्दूलला एका हातानं मारत होतं आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होतं.

"रतनवहिनी, तुमाला ठावं असंल की. सांगा ना," रतननं किटली मापावर ठेवली की कुणीतरी म्हणायचंच.

"मला काय ठावं? ती गोष्ट मी लिहिली का?" असं म्हणून रतन किटली विसळायच्या आतच घराची वाट धरायची.

तिला ठाऊक होतं. पंचाईत तीच होती.

रणजितनं तिला दिवाळीत सांगितलं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मायलेक डाळिंबाच्या बागेत फिरत होते, आसपास कुणी नव्हतं, तरी त्यानं चारही बाजूला बघून घेतलं. "आई, शेवटच्या भागात मला मारलंय. मारून चितेवर ठेवलंय आणि पेटवलंय. सगळं खोटं हाय, पण बघायला लई खरं वाटतं. तू एकदम बघितलंस तर तुझ्या काळजाचं पाणी होईल, म्हणून आधीच सांगतो." मग त्यानं तिचा हात धरला. "पण हे कुणाला बोलायचं न्हाय. आप्पांना तर अजिबात न्हाय. मी कागदावर सही केलीय. ह्याच लोकांच्या पुढच्या मालिकेत मी हिरो हाय, आणि आपल्या घरातनं बातमी फुटली तर ते गेलं."

रणजितची मुंबईतली सात वर्षं रतनला पाठ होती. त्यानं बारा मालिकांत पाणी आणून दिलं होतं, चार ठिकाणी तो नुसता दारात भाला घेऊन उभा होता, आणि एका ठिकाणी त्याचं डोकं तेवढं दिसलं होतं, तेही मागून. शार्दूल मिळाला तेव्हा कुठं लोक त्याला नावानं ओळखू लागले. आता हिरो व्हायची वेळ आली होती आणि ती वेळ रतनच्या जिभेवर येऊन बसली होती. रावजीला सांगायचा प्रश्नच नव्हता. रावजीच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी त्याच्या कानात घातलेलं दुपारी कळसच्या बाजारात ऐकू यायचं.

अडीच महिने रतननं ते पोटात ठेवलं. मालिका ती नेमानं बघायची. खरं सांगायचं तर शार्दूल तिला रणजितपेक्षा कांकणभर जास्तच आवडायचा. तो उलट बोलत नसे आणि ताटात काही टाकत नसे. पण दिवाळीपासून शार्दूल पडद्यावर आला की तिला पुढची चिता दिसायची, आणि चितेवर शार्दूल दिसायचा नाही, रणजित दिसायचा. जसजसा रविवार जवळ आला तसतसं तिला वाटायला लागलं, आपलं पोरगं अख्ख्या महाराष्ट्रादेखत जळणार, खोटं का होईना जळणार, आणि आपण आई म्हणून हातावर हात ठेवून बसायचं? देवाला काय कळणार, कुठली चिता खरी आणि कुठली कंपनीची?

म्हणून सोमवारी सकाळी ती महादेवाच्या देवळात अभिषेक घालायला गेली.

रामहरी गुरव म्हणाला, ज्याच्या नावानं अभिषेक त्याचा फोटो असला तर बरं. घरात रणजितचे फोटो होते, पण एक पहिलीतला, एक आधारकार्डाएवढा. मोठा फोटो एकच. खताच्या दुकानदारानं ह्या वर्षी कॅलेंडर छापलं होतं, 'आमच्या गावचा शार्दूल' म्हणून, वर लांडग्याचं कातडं पांघरलेला रणजित आणि खाली युरियाची जाहिरात. रतननं तेच खिळ्यावरून काढून नेलं आणि पिंडीजवळ ठेवलं. रामहरीनं मनापासून मंत्र म्हटले, अकरा तांबे पाणी घातलं, आणि सगळं झाल्यावर, जसं तो प्रत्येकाचं करी तसं, मोबाइलवर फोटो काढून स्टेटसला टाकला: 'चि. रणजित यांच्या दीर्घायुष्यासाठी मातोश्रींकडून अभिषेक.' पिंडी, बेल, आणि बेलाखालून बघणारा शार्दूल.

संध्याकाळपर्यंत तो फोटो निरवांगीतून इंदापूरला, इंदापुरातून बारामतीला आणि तिथून कुठं कुठं गेला ते त्या महादेवालाच माहीत. चाहत्यांनी लगेच हिशेब मांडला. आई अभिषेक घालते म्हणजे आईला भीती वाटतेय. भीती वाटतेय म्हणजे तिला काहीतरी माहीत आहे. म्हणजे शार्दूल मरतो. वकिलानं हात टेकावेत असा युक्तिवाद, आणि त्यातली वाईट गोष्ट म्हणजे तो बरोबर होता.

बुधवारी रणजितचा फोन आला. "आई, तू देवळात गेली हुतीस?"

"तुझ्यासाठी गेले रं. शार्दूलसाठी न्हाय."

"ते मला कळतं. त्यांना कळत न्हाय. मला हापिसात बोलावून विचारलं. मी म्हणलं, माझी आई दर पौषात अभिषेक घालते."

"मी कवा घालते?"

"आता घालायचा दर वर्षी," तो म्हणाला, आणि हसला, पण त्याचं ते हसू रतनच्या ओळखीचं नव्हतं. "हे बघ, रविवारपर्यंत कळ काढ. कुणी विचारलं तर म्हणायचं, मला ठावं न्हाय. बास. रविवारनंतर गावभर दवंडी पिट."

रतननं कळ काढायचं ठरवलं. गुरुवारी ती डेअरीवर गेलीच नाही, दूध रावजीबरोबर पाठवलं. आणि शुक्रवारी दुपारी बारामतीच्या एसटीनं संस्कृती आली.

संस्कृती ही रतनच्या धाकट्या दिराची मुलगी. बारामतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. लहानपणी दर उन्हाळ्यात रतनच्या मांडीवर झोपायची, तिच्याच हातानं जेवायची. आता ती 'धूम्रगड कट्टा' नावाचं पान चालवायची आणि चाळीस हजार माणसं तिचं ऐकायची. दीड वर्षं ती एकच गोष्ट ठासून सांगत होती की शार्दूल मरणार नाही. तिच्याकडं नऊ कारणं होती. पहिल्या भागात राणी शार्दूलला म्हणते, 'माझ्या आधी मरायचं नाही', हे पहिलं. त्यानं पाळलेली लांडगी त्याच्या वाटेकडं बघत बसते, हे दुसरं. बाकीची सात रतनला कधी नीट कळली नाहीत, पण पोरगी इतक्या तळमळीनं सांगायची की ऐकणाऱ्यालाही वाटायचं, असंच व्हायला पाहिजे.

आल्या आल्या तिनं पिशवी ओट्यावर टाकली. पाणीही घेतलं नाही.

"काकी, लोक मला काय काय बोलतायत बघ. म्हणतात, तुझ्याच चुलतीनं अभिषेक घातला आणि तू कुठली कारणं सांगतेस? खरं सांग. मरतो का तो?"

"मला ठावं न्हाय गं."

"ठावं नाही तर अभिषेक कशाला?"

"दर पौषात घालते मी."

"मी ह्या घरात वाढले, काकी. तू कधी घातला नाहीस."

बाजेवर पडलेल्या रावजीनं मान वर केली. "खरंच की. कवा घातला हुतास?"

रतन चुलीकडं वळली. चुलीवर काही नव्हतं. संस्कृती तिच्या पुढं येऊन बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, लहानपणी गूळ मागताना बसायची तशी.

"काकी, मग दादाच्या गळ्याची शप्पथ घे. तो मरत नाही म्हण. तू दादाची शप्पथ खोटी घेणार नाहीस, हे सगळ्यांना माहीत आहे. मी तेवढं रेकॉर्ड करते. बाकी मला काही नको." तिनं मोबाइल समोर धरला. डोळ्यांत पाणी होतं.

"शपथ कशाला उगं," रतन म्हणाली.

"घे की," रावजी बाजेवरून म्हणाला. "खरं असंल तर घ्यायला काय जातंय?"

रतननं त्याच्याकडं बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि ह्या माणसाला गप बसायची वेळ अजून कळली नव्हती. आता शपथ नाही घेतली तर ती नाही घेतली हेच उत्तर होतं, आणि ते उत्तर चाळीस हजार माणसांपुढं जाणार होतं. पुन्हा दारात भाला धरून उभा असलेला रणजित तिच्या डोळ्यांपुढं आला. तिनं दोन बोटांनी स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली.

"रणजितच्या गळ्याची शप्पथ. शार्दूल मरत न्हाय."

संस्कृतीनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि रडली. मग पाणी प्याली, दोन भाकरी खाल्ल्या आणि चारच्या एसटीनं आनंदात परत गेली. व्हिडिओ ती वाटेतल्या जंक्शन गावाला पोहोचायच्या आत सगळीकडं गेला होता. रतननं चिमटीत धरलेला तो गळा बघून लोकांनी अंदाज फिरवले. शनिवारी सकाळी डेअरीच्या भिंतीवर शार्दूलपुढच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसलेल्या होत्या, आणि रावजी सगळ्यांना सांगत होता की हे आपल्या घरातनं कळलं.

आता शपथेचा आपल्याकडचा कायदा कुणी पुस्तकात लिहिलेला नाही, पण तो शेंबड्या पोराला पाठ असतो. खोटी शपथ घेणाऱ्याला काही होत नाही. ज्याची घेतली त्याला होतं. आणि ती उतरवायची तर ज्यानं घ्यायला लावली त्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं. दुसऱ्यानं म्हणून चालत नाही, देवानं म्हणून चालत नाही. म्हणजे रणजितचा गळा आता संस्कृतीच्या एका शब्दात अडकला होता, आणि तो शब्द मागायचा तर खोटं बोलले हे कबूल करावं लागणार होतं. रविवारी बारा वाजेपर्यंत ते करता येत नव्हतं.

शुक्रवारच्या संध्याकाळपासून रतनचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आमटीत तिनं दोनदा मीठ घातलं आणि भाकरी करपवली. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही की काही नाही. एरवी त्या आवाजात तिला झोप लागायची. आता प्रत्येक ट्रॉली तिला रणजितच्या अंगावर जाताना दिसत होती, कारण रणजित रविवारी येणार होता. अख्खं गाव शेवटचा भाग बघायला बारामतीला जाणार, मग मी नको का, असं म्हणून तो मुंबईहून पुण्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढं मित्राच्या मोटरसायकलवर पाटसमार्गे येणार होता.

शनिवारी तिनं त्याला सहा फोन केले.

"तू येऊ नको. तितंच बघ."

"आई, मी मरताना तू एकटी बघणार का?"

"तसलं बोलू नको!" रतन एवढ्या जोरात ओरडली की गोठ्यातली म्हैस दचकली. "बरं, ये. पण एसटीनं ये."

"बरं," रणजित म्हणाला, पोरं म्हणतात तसं.

दुसऱ्या फोनला तिनं विचारलं, गॅस बंद केलास का. तिसऱ्याला, जिना उतरताना कठडा धर. चौथ्याला तिला काही सुचलं नाही, नुसतं "काय करतोयस" म्हणाली. पाचव्याला तो झोपला होता. सहाव्याला तो चिडला, आणि चिडलेला आवाज ऐकून तिला बरं वाटलं, कारण तो धडधाकट माणसाचा आवाज होता.

दुपारी तिनं संस्कृतीचा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला. खरं सांगून टाकावं का? पोरगी गुणाची, पोटात ठेवेल. पण चेहऱ्यावर? कालच नाचत गेलेली पोर आज रडवेली दिसली तर चाळीस हजार माणसं काय आंधळी होती? मग रतनला एक युक्ती सुचली. तिनं पुन्हा नंबर लावला.

"संस्कृती, सकाळची निरवांगीची बस सुटली का गं?"

"आता दुपारचे दोन वाजलेत, काकी. कधीच सुटली."

"नीट सांग. सुटली?"

"सुटली, सुटली. का गं?"

"काय न्हाय, असंच," म्हणून रतननं फोन ठेवला. अर्धा तास ती हलकी झाली. भांडी घासता घासता गुणगुणलीसुद्धा. मग एकाएकी तिचा हात थांबला. सुटली ती बस होती. देवाला असं फसवता येत असतं तर गुरवाचं काम कंडक्टरनं केलं असतं. भांडी तशीच टाकून ती पुन्हा रस्त्याकडं बघत बसली.

रविवारी गावातून दोन पिकअप भरून बारामतीला गेल्या. संस्कृतीच्या मंडळींनी एक मंगल कार्यालय घेतलं होतं. पौष असल्यामुळं लग्नं नव्हती आणि कार्यालयवाल्यालाही तेवढीच हालचाल. जिथं नवरा-नवरी बसायची तिथं पांढरा पडदा लावला होता. संस्कृतीनं रतनला दारातच मिठी मारली आणि चार जणींना दाखवलं, हीच माझी काकी. मुलींनी रतनच्या पाया पडून घेतलं. रतनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाराला पाच मिनिटं राहिली तरी रणजितचा पत्ता नव्हता. फोन बंद. रतन बायकांत मागं बसली आणि दिवे बंद झाले. पडद्यावर आगनाग आला, गड पेटला, राणीनं कपटी दिराला तटावरून खाली टाकलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. रतननं त्यातलं काही बघितलं नाही. तिचे डोळे दाराकडं होते. अर्धा भाग झाल्यावर दार किलकिलं झालं, उन्हाची एक पट्टी आत आली आणि त्या पट्टीतून एक माणूस वाकून आत शिरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चालीवरून तिनं ओळखलं. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग तिला त्याच्या हातातलं हेल्मेट दिसलं. म्हणजे आला तो मोटरसायकलवरच, आणि परत जाणार तोही मोटरसायकलवरच.

तेवढ्यात पडद्यावर शार्दूल राणीच्या पुढं झाला. आगनागाचा लोळ त्यानं अंगावर घेतला. राणी वाचली. लांडगी ओरडली. मग चिता रचली गेली, त्यावर शार्दूलला ठेवलं, आणि राणीनं चूड लावून पाठ फिरवली ती फिरवलीच.

मुसमुसण्याचे आवाज आले, आणि मग एकेक मान मागं वळायला लागली. आधी निरवांगीच्या बायका वळल्या, मग बारामतीच्या मुली. पडद्याच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे रतनकडं होते.

"पोटच्या पोराची," शेजारची बाई हलक्या आवाजात म्हणाली आणि जरा सरकून बसली.

"रतन," आबाजी पुढून म्हणाले, रागानं नाही, नुसतं नवल वाटून, "तू तर शप्पथ घेतली हुतीस पोरी."

रावजी काही बोलला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच तो गप बसला.

संस्कृती उठली आणि बाजूच्या दारातून बाहेर गेली. रतन तिच्या मागं धावली. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणाची पाण्याची बाटली लवंडली, ती थांबली नाही.

बाहेर, पंगत उठल्यावर हात धुवायचे नळ असतात तिथं, संस्कृती भिंतीकडं तोंड करून उभी होती. हातातला मोबाइल सारखा थरथरत होता.

"संस्कृती, आधी म्हण सुटली."

पोरगी वळली. तिचं नाक लाल झालं होतं. "बघ. दहा मिनिटांत चारशे जणांनी शिव्या घातल्या. मी खोटारडी आहे म्हणतात. त्यांचं जाऊ दे. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, काकी. जगातल्या सगळ्या माणसांत मी तुला विचारायला आले."

"व्हय. मी खोटं बोलले. तू सुटली म्हण, मग माझ्या दोन थोबाडीत मार."

"नुसती गप बसली असतीस तरी चाललं असतं."

"गप बसले असते तर तुला कळलं असतं. तुला कळलं असतं म्हंजे जगाला कळलं असतं आणि ह्याचं काम गेलं असतं. पाया पडते तुझ्या. म्हण."

"नाही म्हणणार," संस्कृती म्हणाली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

रणजित तोवर बाहेर आला होता. त्याला काही कळेना. त्यानं व्हिडिओ बघितला होता आणि त्याला वाटलं होतं, आईनं कमाल केली, काय काम केलं, आपल्याला जमलं नसतं असं. आता तो जवळ आला आणि हसत म्हणाला, "आई, अगं मी हितं उभा हाय तुझ्यापुढं. जळालो का कुठं?"

"तू गप. तू परत त्या गाडीवर जाणार हायस."

"अगं पण..."

"माझ्या पोराचा गळा हिच्याकडं अडकलाय दोन दिस," रतन म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "दोन दिस मी अन्न गिळलं न्हाय. ट्रॉली वाजली की जीव जातोय माझा. झोप लागली की चिता दिसतीय. मी काय करू? माझ्या गळ्याची घेतली असती तर मानलं असतं का हिनं?"

रणजितचं हसू गेलं. त्याचा हात आपोआप गळ्याकडं गेला. संस्कृतीनं ते बघितलं. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या हातातल्या हेल्मेटकडं, मग काकीकडं. काकीचे डोळे खोल गेले होते आणि गळ्यावर, जिथं तिनं शुक्रवारी चिमटा घेतला होता तिथं, अजून लाल डाग होता. दोन दिवस पुन्हा पुन्हा चिमटीत धरून धरून तो गेला नव्हता.

"काकी," ती घाबरून म्हणाली, "शप्पथ मी घातली होती. दादाला काही झालं असतं तर?"

"तुझ्यामुळं न्हाय गं. खोटं मी बोलले. तू निस्ती म्हण."

"सुटली."

"मोठ्यानं म्हण."

"सुटली! सुटली, काकी, सुटली!" पोरगी आता हुंदके देऊन रडत होती.

रतन पुढं झाली, रणजितच्या गळ्यावरून दोन बोटं फिरवली आणि पदराला पुसली. मग ती नळाखालच्या ओल्या कट्ट्यावर मटकन खाली बसली. रणजितला वाटलं, चक्कर आली. तो पाणी घ्यायला वळला, तर मागून त्याला रडणं ऐकू आलं. रतननं पदर तोंडाला लावला होता आणि ती गदागदा हलत होती.

"किती चांगला हुता गं," ती म्हणत होती. "कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. तिच्यासाठी आगीत उभा राहिला, आणि त्या रांडेनं मागं वळूनसुदीक बघितलं न्हाय."

"तेच तर!" संस्कृती तिच्या शेजारी ओल्यातच बसली. "एकदा तरी बघायला नको होतं का?"

"आणि ती लांडगी. आता तिनं कुणाकडं बघायचं?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रणजित हेल्मेट एका हातात आणि पाण्याचा पेला एका हातात घेऊन उभा होता. स्वतःच्याच मरणाचं सांत्वन कसं करतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "अगं, तो मीच हुतो."

"तू जरा थांब रं," रतन डोळे न पुसता म्हणाली. "आमचं माणूस गेलंय."